कार्यालयाचे नेटवर्क एसडीएन आणि मुक्त स्रोत प्रणालींवर नेताना : हिंगणा-बुटीबोरीचा अनुभव

हिंगणा_टी_पॉइंट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेले अठरा महिने आम्ही आमच्या कंपनीचे सर्व्हर आणि नेटवर्क जुन्या पद्धतीवरून सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंग, म्हणजेच एसडीएन, आणि मुक्त स्रोत प्रणालींवर आणत आहोत. कंपनी मध्यम आकाराची आहे. मुख्य कार्यालय व सर्व्हर रूम नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत, कारखाना बुटीबोरीला आणि गोदाम कळमन्याला आहे. या विषयावर मराठीत जे वाचायला मिळते ते बहुतेक व्याख्यांपाशीच थांबते, म्हणून आम्हाला प्रत्यक्षात काय करावे लागले ते सविस्तर लिहीत आहे. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी माझ्या चुका जरूर दाखवाव्यात.

या कामाला सुरुवात एका नवतपात झाली. मे महिन्याच्या त्या शेवटच्या आठवड्यात सर्व्हर रूममधला एसी बंद पडला आणि कोणीतरी भल्या हेतूने दारात पाण्याचा कूलर आणून लावला. नागपूरच्या घरात कूलर उपकारक असला तरी सर्व्हर रूममध्ये त्याची दमट हवा यंत्रांना सोसत नाही, हे सांगून तो हलवेपर्यंत दुपार झाली. संध्याकाळी वीज गेली, उन्हाने दमलेल्या यूपीएसच्या बॅटऱ्या काही मिनिटांतच उतरल्या आणि मुख्य स्विच बंद होऊन पुन्हा सुरू झाला. सुरू झाला तो मात्र चार वर्षांपूर्वीच्या स्थितीत. चार वर्षांत त्यावर केलेला एकही बदल कोणी कायमस्वरूपी साठवलेला नव्हता. सगळे बदल चालू मेमरीत होते आणि विजेबरोबर गेले. कारखान्याचा व्हीलॅन (त्याच स्विचांवर आखलेले वेगळे आभासी नेटवर्क) नाही, लेखा विभागाचे प्रवेशनियम नाहीत, कॅमेऱ्यांचे नेटवर्क नाही.

त्या रात्री आम्हाला तारले ते निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी. ते नागपूरच्या महाल भागातून रात्री साडेनऊला आले, सोबत पुठ्ठ्याच्या बांधणीची एक वही घेऊन. प्रत्येक पोर्टचा क्रमांक, त्यापुढे विभागाचे नाव आणि तारीख, असे सगळे त्यांनी स्वतःच्या सवयीने लिहून ठेवले होते. त्या वहीवरून आणि व्हॉट्सॲपवर सापडलेल्या काही फोटोंवरून पहाटे तीनपर्यंत आम्ही नेटवर्क पुन्हा उभे केले. कंपनीचे नेटवर्क नेमके कसे असायला हवे, ही माहिती एका माणसाच्या घरातल्या वहीत होती. तिच्यावर ना कंपनीचा हक्क होता, ना तिची दुसरी प्रत कोठे होती. माझ्या मते आधुनिकीकरणाचा प्रश्न इथून सुरू होतो. नवीन यंत्रांची खरेदी त्यानंतर येते.

आता एसडीएनविषयी थोडे. पारंपरिक स्विचमध्ये दोन कामे एकाच डब्यात होतात: माहितीचे पाकीट, म्हणजे तिचा एक तुकडा, कोणत्या वाटेने जायचे हे ठरवणे आणि ठरल्याप्रमाणे ते पुढे ढकलणे. ठरवण्याचे काम प्रत्येक डब्यातून काढून एका ठिकाणी, सॉफ्टवेअरमध्ये आणावे, हा एसडीएनचा गाभा. स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्टिन कसाडो, निक मकिऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘इथेन’ ही रचना आणि २००८ मध्ये ‘ओपनफ्लो’ हा मध्यवर्ती सॉफ्टवेअरने स्विचांना आज्ञा देण्याचा नियमसंच मांडला, ते याच विचारातून. गूगलने आपल्या डेटा सेंटरांना जोडणाऱ्या ‘बी-४’ या जाळ्याविषयी २०१३ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. एरवी लांब पल्ल्याच्या जोडण्या सरासरी ३० ते ४० टक्केच भरतील अशा बेताने आखल्या जातात, तर तेथे मध्यवर्ती नियोजनामुळे अनेक जोडण्या जवळजवळ पूर्ण क्षमतेने वापरता आल्या, असे त्यात नोंदवले आहे. आपल्यासारख्यांना त्या प्रमाणाची गरज नाही, परंतु ‘नेटवर्कचा हेतू एका जागी लिहिलेला असावा आणि यंत्रांनी तो तेथून घ्यावा’ हे तत्त्व आमच्या त्या रात्रीच्या दुखण्यावर नेमके लागू पडते.

आम्ही काय उभारले ते सांगतो. एका यंत्रावर अनेक आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीने, चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्स या मुक्त स्रोत प्रणालीचे हिंगण्याला तीन सर्व्हर आणि त्यांवर ‘सेफ’ ही वितरित साठवण प्रणाली. प्रत्येक माहितीच्या तीन प्रती राहतात, त्यामुळे एक सर्व्हर पूर्ण बंद पडला तरी काम चालते. त्याची किंमत अशी की विकत घेतलेल्या डिस्कच्या एकूण जागेपैकी एक तृतीयांशच हाती येते, आणि हे हिशेबनिसांना आधीच समजावून सांगावे लागते. सर्व्हर तीन घेतले, कारण दोनांमध्ये संपर्क तुटला की बहुमत कोणाचे हे ठरत नाही. सर्व्हर एकमेकांची खबर ज्या नेटवर्कवर घेतात ते साठवणीच्या नेटवर्कपासून वेगळे ठेवले, नाहीतर मोठी प्रत बनत असताना खबर उशिरा पोहोचते आणि धडधाकट सर्व्हर मेलेला समजला जातो.

व्हर्च्युअल मशीनांची नेटवर्के आता प्रॉक्समॉक्सच्या एसडीएन विभागात एकदाच लिहिली जातात आणि सगळ्या सर्व्हरांवर लागू होतात. आवृत्ती ८.१ पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२३ पासून, हा विभाग मूळ प्रणालीचाच भाग आहे. मजल्यांवरचे अकरा स्विच मात्र आम्ही बदलले नाहीत. त्यांची मांडणी नेटबॉक्स या नेटवर्कच्या नोंदवहीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदवली, त्या नोंदींवरून ॲन्सिबल हे स्वयंचलनाचे साधन प्रत्येक स्विचला आज्ञा पाठवते आणि आज्ञांच्या फायली गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाचा इतिहास जपणाऱ्या साठ्यात, राहतात. पूर्वी एक व्हीलॅन वाढवायचा तर अकरा ठिकाणी लॉगिन करावे लागे आणि एखादा स्विच राहून जाई. आता एका फायलीत तीन ओळी वाढतात, दुसरा सहकारी त्या तपासतो आणि मगच त्या लागू होतात.

वहीतली प्रत्येक नोंद नेटबॉक्समध्ये चढवायला सात आठवडे गेले. खरे काम तेच होते.

रामदासपेठ

लेख आवडला, विशेषतः वहीचा प्रसंग, कारण अशी वही बहुतेक कार्यालयांत असते. दोन शंका आहेत. निर्णय एका जागी नेले आणि तीच जागा बंद पडली, तर सगळे नेटवर्क बंद पडणार नाही का? आणि ॲन्सिबलने जुन्या स्विचवर आज्ञा पाठवणे याला एसडीएन म्हणणे कितपत योग्य आहे? ते तर स्वयंचलन झाले.

हिंगणा_टी_पॉइंट

दुसरी शंका आधी घेतो, कारण ती मान्यच आहे. काटेकोर अर्थाने आमच्या सर्व्हरांच्या बाजूला एसडीएन आहे आणि मजल्यांवरच्या स्विचांच्या बाजूला स्वयंचलन आहे. शीर्षकात मी दोन्हींना एकाच नावाखाली आणले, ती माझी सैल भाषा.

पहिल्या शंकेचे उत्तर कोणती रचना निवडली यावर अवलंबून आहे. ओपनफ्लोच्या सुरुवातीच्या अनेक प्रयोगांत अनोळखी प्रवाहाचे पहिले पाकीट कंट्रोलरकडे, म्हणजे वाटा ठरवणाऱ्या मध्यवर्ती सॉफ्टवेअरकडे, जायचे आणि त्याच्या उत्तरानंतर वाट ठरायची. अशा रचनेत कंट्रोलर गेला की नवीन प्रवाह अडतात. आजच्या बहुतेक प्रणाली नियम आधीच सर्वत्र पोहोचवून ठेवतात. ओपन व्हीस्विच या सॉफ्टवेअर स्विचवर उभ्या असलेल्या ओव्हीएन या एसडीएन प्रणालीमध्ये मध्यवर्ती डेटाबेस बंद झाला तरी प्रत्येक सर्व्हरवर बसवलेले नियम कामाला असतात आणि चालू वाहतूक सुरू राहते. नवीन बदल तेवढे करता येत नाहीत. ईव्हीपीएन या दुसऱ्या पद्धतीत तर सर्वज्ञ असा एक कंट्रोलर नसतोच. कोणते यंत्र कोठे आहे याची खबर बीजीपी या वाटांची माहिती देण्याघेण्याच्या नियमसंचामार्फत सर्व्हर एकमेकांना देतात आणि लिनक्सवर ते काम एफआरआर हा मुक्त स्रोत राउटिंग संच करतो.

आम्ही हे करून पाहिले आहे. एका रविवारी, कारखाना बंद असताना, तीनपैकी एका सर्व्हरची वीज मुद्दाम काढली. त्यावरची मशीने दोन-तीन मिनिटांत इतरत्र सुरू झाली. मग दुसऱ्याचीही काढली, तेव्हा बहुमत गेले आणि उरलेल्या सर्व्हरवरचे काम थांबले, जसे थांबायला हवे तसेच. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर व्यवस्थापनाला आश्वासन देताना माझा आवाज बदलला.

धरमपेठकर

मी एका रुग्णालय-समूहाच्या माहिती तंत्रज्ञान विभागात आहे. तंत्राविषयी माझा आक्षेप नाही, मात्र माणसे आणि पैसा यांविषयी धाग्यात काहीच आलेले नाही. मुक्त स्रोत म्हणजे फुकट, अशी समजूत वरिष्ठांची होते आणि मग आधारसेवेसाठी पैसे मागितले की त्यांना फसवल्यासारखे वाटते. दुसरे असे की मुक्त स्रोत प्रकल्पांचेही धोरण बदलते. सेंटओएस ८ या लिनक्स प्रणालीचा आधार आधी २०२९ पर्यंत अपेक्षित होता, तो ३१ डिसेंबर २०२१ लाच संपवण्यात आला. सर्व्हर-नेटवर्कची मांडणी फायलींतून उभारणाऱ्या टेराफॉर्म या साधनाचा परवाना ऑगस्ट २०२३ मध्ये बदलला. एका विक्रेत्याच्या मुठीतून सुटून दुसऱ्याच्या मुठीत जाण्यात काय साधले, या प्रश्नाचे उत्तर मला माझ्या संचालकांना द्यावे लागते.

हिंगणा_टी_पॉइंट

ताई, हा मुद्दा मूळ लेखातच यायला हवा होता.

पैशांविषयी: आम्ही ज्या व्यावसायिक प्रणालीवर होतो तिच्या नूतनीकरणाची रक्कम वाचली असली, तरी ती सगळी बचत म्हणून दाखवू नका, असे मी पहिल्याच बैठकीत सांगितले. त्या रकमेचा एक भाग प्रणालीच्या वार्षिक आधारसेवेवर, एक भाग आमच्याकडच्या दोन तरुण सहकाऱ्यांच्या प्रशिक्षणावर आणि एक भाग सुटे भाग जवळ बाळगण्यावर खर्च होतो. नागपुरात या विषयातला तयार माणूस सहज मिळत नाही आणि तयार झालेला पुण्या-हैदराबादकडे जातो. त्यामुळे एकाच माणसाला सगळे शिकवणे टाळले. दोघांनी प्रत्येक बदल एकमेकांचा तपासायचा, हा नियम शिस्तीसाठी आहे तितकाच एक जण गेला तर दुसरा उरावा यासाठीही आहे.

परवान्यांविषयी आपण दिलेली उदाहरणे बरोबर आहेत, पण पुढे काय घडले तेही पाहावे. सेंटओएसच्या जागी आल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभे राहिले. टेराफॉर्मची मुक्त शाखा ओपनटोफू या नावाने लिनक्स फाउंडेशनकडे गेली. ज्यांच्याकडे स्रोत असतो त्यांना वेगळी चूल मांडता येते. बंद प्रणालीत ती सोय नसते, तेथे नूतनीकरणाचे पत्र येते आणि त्यावर सही करायची असते. तरीही मी संचालकांसमोर ‘मुक्त’ हा शब्द फार वापरत नाही. ‘ही प्रणाली सोडायची ठरली तर आपली माहिती कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत बाहेर काढता येईल’ हा प्रश्न ठेवतो. आमच्या मशीनांच्या डिस्क सामान्य स्वरूपात निर्यात होतात आणि आम्ही तीन मशीने प्रत्यक्ष साध्या केव्हीएमवर, म्हणजे लिनक्समधल्या व्हर्च्युअल मशीन चालवण्याच्या मूळ सोयीवर, नेऊन चालवून पाहिली आहेत. आपल्या संचालकांना याचे प्रात्यक्षिक दाखवता आले तर ते तक्त्यांपेक्षा अधिक पटेल.

वर्धा_रोड

हिंगणा आणि बुटीबोरी एकाच स्तर-दोन नेटवर्कमध्ये, म्हणजे मध्ये राउटर नसल्यासारख्या एकाच जाळ्यात, जोडले आहेत का? दूरच्या ठिकाणांवरूनही एकच नेटवर्क ताणता येणारा व्हीएक्सलॅन हाताशी आला की अनेकांना हा मोह होतो. एका ठिकाणचे प्रसारणाचे वादळ, म्हणजे सर्व यंत्रांना उद्देशून सुटलेल्या पाकिटांचा पूर, मग दुसऱ्या ठिकाणी पोहोचते. आणि व्हीएक्सलॅनची गरज तरी काय होती? व्हीलॅनचा क्रमांक १२ बिटांचा असल्याने ४०९४ नेटवर्के मिळतात आणि व्हीएक्सलॅनमध्ये २४ बिटांमुळे एक कोटी साठ लाखांहून अधिक, हे खरे, पण तुमच्याकडे चाळीस तरी असतील का?

हिंगणा_टी_पॉइंट

चाळीस नाहीत, एकोणीस आहेत. संख्येसाठी व्हीएक्सलॅन घेतलेला नाही. आपण ज्या मोहाविषयी बजावत आहात तो आम्हाला झाला होता आणि त्याची शिक्षाही मिळाली. ती सविस्तर सांगतो, कारण अशी चूक शोधायला फार वेळ जातो.

कारखान्यात साठ्याच्या नोंदींचे एक जुने सॉफ्टवेअर आहे. त्याच्या प्रत्येक संगणकावर सर्व्हरचा आयपी पत्ता कायमचा लिहिलेला आहे. सर्व्हर हिंगण्याला हलवायचा पण पत्ता बदलायचा नाही, म्हणून आम्ही दोन्ही ठिकाणांमध्ये वायरगार्ड या व्हीपीएन सॉफ्टवेअरचा सुरक्षित बोगदा टाकला आणि त्यातून व्हीएक्सलॅन नेला. शनिवारी सगळे तपासले. पिंग, म्हणजे समोरचे यंत्र उत्तर देते का हे पाहणारा छोटा निरोप, जात होते, लॉगिन होत होते. सोमवारी सकाळी कारखान्यातून तक्रार आली की मशीन मध्येच अडकते. आम्ही केबल पाहिली, फायरवॉल पाहिली, सर्व्हरवरचा भार पाहिला, सगळे ठीक होते. बुधवारी मी स्वतः बुटीबोरीला जाऊन भांडारपालांच्या शेजारी बसलो. ते म्हणाले, ‘साहेब, लहान चलान निघते, मोठे अडकते. सात-आठ ओळींपर्यंत काही त्रास नाही.’

त्या एका वाक्यात निदान होते. इथरनेटवर सामान्यतः एका वेळी १५०० बाइटांचे पाकीट जाते. वायरगार्ड आपल्या वेष्टनासाठी जागा राखतो, म्हणून त्याचे नेहमीचे माप १४२० असते. त्यातून व्हीएक्सलॅनच्या वेष्टनाचे ५० वजा केले की आतल्या पाकिटासाठी १३७० उरतात. आमच्या सर्व्हरला हे ठाऊक नव्हते. लहान चलान एका छोट्या पाकिटात बसे आणि जाई. मोठ्या चलानासाठी सर्व्हर १५०० चे पाकीट भरे, आणि वाटेतला व्हर्च्युअल ब्रिज, म्हणजे सॉफ्टवेअरमधला स्विच, ते टाकून देई. राउटर असता तर ‘पाकीट मोठे आहे’ असा उलट निरोप त्याने पाठवला असता, पण स्तर-दोनचा ब्रिज असा निरोप पाठवत नाही. सर्व्हर तेच पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राही आणि भांडारपाल पडद्याकडे पाहत बसत.

तुकडे न करण्याची सूचना देऊन पिंगचे माप वाढवत नेले, तर १३४२ पर्यंत उत्तर येत होते आणि १३४३ ला थांबत होते. त्यात पाकिटाच्या शीर्षकांचे (हेडरचे) २८ मिळवा म्हणजे बरोबर १३७० होतात. सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचे माप १३७० केले, कारखान्यातल्या संगणकांना हातही लावावा लागला नाही, कारण टीसीपी जोडणीच्या सुरुवातीलाच दोन्ही बाजू लहान मापावर एकमत करतात. भांडारपालांनी लगेच चौतीस ओळींचे चलान काढून दाखवले. बोगदा टाकणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी हे मोजावे, माझी कळकळीची विनंती आहे. शनिवारची आमची चाचणी अपुरी होती, कारण आम्ही पिंगच्या नेहमीच्या मापावर विश्वास ठेवला.

आज स्तर-दोनने जोडलेले नेटवर्क ते एकच आहे आणि तेही सॉफ्टवेअर बदलेपर्यंतच. बाकी सर्व ठिकाणे राउटिंगने जोडली आहेत.

इतवारी_गल्ली

आमची धान्याची पेढी आहे, बारा संगणक, एक सर्व्हर आणि दोन स्विच. हे सगळे वाचून वाटले की आपण फार मागे आहोत. आम्ही कोठून सुरुवात करावी?

हिंगणा_टी_पॉइंट

दादा, आपल्याला एसडीएनची गरज नाही. बारा संगणकांसाठी तीन सर्व्हरांचा समूह उभा करणे म्हणजे देखभालीचे नवे ओझे अंगावर घेणे होईल. तीन गोष्टी मात्र याच आठवड्यात करून घ्याव्यात. दोन्ही स्विच व राउटर यांची मांडणी साठवून तिची प्रत पेढीबाहेरही ठेवावी. सर्व्हरचा बॅकअप नुसता घेऊन न थांबता दुसऱ्या संगणकावर एकदा उघडून पाहावा. आणि सर्व यंत्रांचे घड्याळ एकाच वेळ-सर्व्हरवरून जुळवावे. हे शेवटचे लहान वाटेल, पण सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांमध्ये वेळ जुळवणे, १८० दिवसांच्या नोंदी जपणे आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे या अपेक्षा आहेत. नोंदींमधली वेळच चुकीची असेल, तर त्या नोंदींचा कोणालाही उपयोग होत नाही. आपल्या सल्लागारांकडून आपल्यापुरते काय लागू होते ते एकदा तपासून घ्यावे.

अंबाझरी

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अभ्यासक्रमात ओपनफ्लो एका तासात संपले. माझ्याकडे आठ जीबीचा लॅपटॉप आहे. त्यावर यातले काही करून पाहता येईल का?

रामदासपेठ

नक्की येईल. ‘मिनीनेट’ हे मुक्त स्रोत साधन याच कामासाठी आहे. स्टॅनफर्डमधूनच २०१० मध्ये ते पुढे आले आणि एका लॅपटॉपवर अनेक स्विच व संगणकांचे जाळे उभे करते. आधी दोन स्विच, चार संगणक घ्या आणि कंट्रोलर बंद करून कोणती पाकिटे जातात, कोणती अडतात ते पाहा. या धाग्यातल्या माझ्या पहिल्या शंकेचे उत्तर तुम्हाला स्वतःच मिळेल. त्यानंतर लिनक्सवर दोन व्हर्च्युअल मशीनांमध्ये व्हीएक्सलॅन टाका, माप मुद्दाम चुकवा आणि वर सांगितलेली बुटीबोरीची अडचण घरी घडवून आणा. ज्या मुलाने ती एकदा घडवून सोडवली आहे, त्याला मुलाखतीत मी पुस्तकी व्याख्या विचारणार नाही.

धरमपेठकर

धागाकर्त्यांना एक शेवटचा प्रश्न. ते ज्येष्ठ सहकारी आणि त्यांची वही, पुढे काय झाले?

हिंगणा_टी_पॉइंट

वही नेटबॉक्समध्ये चढवताना ते आठवड्यातून दोन दिवस मानधनावर येत असत. वहीतल्या नोंदींपैकी काही प्रत्यक्षाशी जुळत नव्हत्या, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी चूक वहीची नसून नंतर कोणी न सांगता केलेल्या बदलाची निघाली. बदल करताना कारण लिहिण्याचा जो रकाना आम्ही आज सक्तीने भरतो, तो त्यांच्याच सूचनेवरून ठेवला आहे. त्यांच्या वहीतही पोर्टपुढे ‘कोणी सांगितले’ असा एक रकाना होता. वहीच्या सर्व पानांची छायाचित्रे कंपनीकडे आहेत आणि मूळ वही त्यांच्याकडेच आहे.

येत्या रविवारी कळमन्याचे गोदाम नवीन रचनेत आणत आहोत. तेथे स्तर-दोन नाही, नुसते राउटिंग आहे. पाकिटांचे माप या वेळी पहिल्या तासातच मोजू आणि आकडे याच धाग्यात देतो.